गुणगुण नेमकी कुठली? घरी बांधलेला व्हॉल्व्ह फोनो प्रीअँप आणि त्याचा पॉवर सप्लाय: एक प्रकरण अभ्यास

ज्यांनी हा प्रीअँप बांधला ते भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. इथे त्यांना 'सर' एवढंच म्हणतो, कारण मी त्यांना तेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. सर्किटमधले आकडे आणि निर्णयांचा क्रम मात्र ठेवला आहे. सगळं बांधून झालं आणि गुणगुण काही थांबेना, तेव्हा सरांनी मला बोलावलं. त्यामुळे सुरुवातीचा भाग त्यांच्या वहीतून घेतला आहे आणि पुढचा माझ्या डोळ्यांदेखत घडलेला आहे.

## पार्श्वभूमी

सरांकडे रेकॉर्ड्सचा मोठा साठा, एक चांगलं टर्नटेबल आणि त्यावर मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईच्या हालचालीतून सिग्नल तयार करणारा भाग). कार्ट्रिजचं आउटपुट १ किलोहर्ट्झला सुमारे ५ मिलिव्होल्ट. त्यांच्या ॲम्प्लिफायरला फोनो इनपुट नाही, फक्त लाइन इनपुट. त्याला पूर्ण आवाजासाठी अर्धा व्होल्ट लागतो. म्हणजे मध्ये किमान शंभर पटींचं अंतर. ते भरून काढणारा डबा, म्हणजे फोनो प्रीअँप, सरांना स्वतःच्या हाताने बांधायचा होता, आणि तोही व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या निर्वात नळ्यांवर). तरुणपणी त्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले होते, त्यामुळे तीनशे व्होल्टजवळ हात कसा न्यायचा आणि कधी न्यायचा नाही हे त्यांना ठाऊक होतं.

फोनो प्रीअँपचं काम नुसता आवाज वाढवण्याचं नसतं. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले असतात आणि वरचे उचललेले असतात. वाजवताना हे सगळं उलटं करावं लागतं. १९५४ पासून रुळलेल्या आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड उद्योगसंघटना) वक्रात त्यासाठी तीन टाइम कॉन्स्टंट आहेत: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. म्हणजेच वक्र सुमारे ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झला वळतो. २० हर्ट्झला मिळणारं गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) आणि २० किलोहर्ट्झला मिळणारं गेन यांत जवळपास ३९ डेसिबलचा, म्हणजे ९० पटींच्या घरातला फरक पडतो.

या प्रकरणाचं मूळ इथेच आहे. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत हा प्रीअँप ५० हर्ट्झला सात पट आणि १०० हर्ट्झला साडेचार पट जास्त वाढवतो. मेन्सची गुणगुण नेमकी याच दोन ठिकाणी बसलेली असते. (जिथे मेन्स ६० हर्ट्झची आहे तिथे ६० आणि १२० धरा.) पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये जो सप्लाय 'शांत' म्हणून खपून जातो, तोच फोनोच्या पहिल्या व्हॉल्व्हला जोडला की बोंब मारतो.

## मूळ आराखडा

व्हॉल्व्ह निवडताना सर ईसीसी८३ आणि ईसीसी८८ यांच्यात अडकले होते. ईसीसी८८ ची स्वतःची सळसळ कमी आणि आउटपुट इम्पीडन्सही (एसीला होणारा अडथळा) कमी, पण म्यू, म्हणजे व्हॉल्व्हची जास्तीत जास्त वाढ देण्याची क्षमता, जेमतेम ३३. दोन टप्प्यांत आरआयएएचा तोटा सोसून पुरेसं गेन मिळवायचं तर ईसीसी८३ चा १०० हा म्यू सोयीचा. त्यांनी ईसीसी८३ घेतला, आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

प्रत्येक चॅनेलला एक ईसीसी८३, म्हणजे दोन ट्रायोड टप्पे, आणि दोन्ही चॅनेलच्या कॅथोड फॉलोअरसाठी (गेन न देता फक्त आउटपुट इम्पीडन्स कमी करणारा शेवटचा टप्पा) मिळून तिसरा. प्लेटला (जिथून वाढलेला सिग्नल निघतो) १०० किलोओहम, कॅथोडला (तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) १.५ किलोओहम. पहिल्या टप्प्याच्या कॅथोडला बायपास कपॅसिटर, दुसऱ्याला नाही. पहिल्या टप्प्याचं गेन ६० च्या आसपास, दुसऱ्याचं ३०. आरआयएए वक्र देणाऱ्या मधल्या पॅसिव्ह जाळीत (नुसते रेझिस्टर आणि कपॅसिटर) १ किलोहर्ट्झला बारा पटींचा तोटा. शेवटी हातात येतं दीडशे पटींचं, म्हणजे ४४ डेसिबलचं गेन. ५ मिलिव्होल्टचे जवळपास ८०० मिलिव्होल्ट. हिशेब स्वच्छ होता.

पॉवर सप्लायसाठी मात्र वहीत अर्धंच पान होतं. २३० व्होल्टची सेकंडरी, ब्रिज रेक्टिफायर, ४७ मायक्रोफॅरड, ४.७ किलोओहम, पुन्हा ४७ मायक्रोफॅरड, आणि तिथून सगळ्या व्हॉल्व्हना एकच एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उच्च व्होल्टेजची डीसी) लाइन. हा भाग एका पॉवर ॲम्प्लिफायरच्या आराखड्यातून उचललेला होता. हीटरला (कॅथोड तापवणारी तार) ६.३ व्होल्ट एसी, एक टोक चॅसीला (धातूचा सांगाडा). ट्रान्सफॉर्मर त्याच चॅसीवर, इनपुटपासून वीतभर अंतरावर.

## अडचण

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा संगीत वाजलं, आणि सरांच्या म्हणण्याप्रमाणे मधला पट्टा फार सुंदर वाजला. पण दोन गाण्यांमधल्या शांततेत खर्जातली एक अखंड गुणगुण आणि तिच्यावर बारीक करकर ऐकू यायची. मी गेलो तेव्हा आउटपुटला, इनपुट शॉर्ट करून, १८ मिलिव्होल्ट मोजले. ८०० मिलिव्होल्टच्या सिग्नलखाली हे जेमतेम ३३ डेसिबल. खोलीच्या दारात उभं राहूनही ऐकू येईल इतकं.

तोवर सरांनी तीन गोष्टी करून पाहिल्या होत्या. व्हॉल्व्ह बदलले, फरक नाही. इनपुटची वायर चांगल्या शिल्डेड वायरने बदलली, फरक नाही. तिसरी गोष्ट त्यांनी जरा संकोचत सांगितली. मेन्सच्या प्लगमधली अर्थची वायर काढून पाहिली, आणि गुणगुण कमी झाली.

## पहिला निर्णय: अर्थ परत जोडायचा

मी आधी ती वायर परत जोडायला लावली आणि मगच बाकीचं बघायला घेतलं. आत तीनशे व्होल्ट आहेत आणि बाहेर धातूची चॅसी आहे. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं किंवा एखादी वायर सुटून चॅसीला टेकली तर अर्थ हाच फ्यूज उडवणारा रस्ता असतो. तो काढला तर बिघाडाचा प्रवाह टोनआर्मला हात लावणाऱ्या माणसातून जाईल. गुणगुण कितीही कमी होवो, हा मार्ग मोजणीतच धरायचा नाही.

पण अर्थ काढल्यावर गुणगुण कमी झाली हे निरीक्षण फुकट घालवायचं नव्हतं. प्रीअँपही अर्थला, ॲम्प्लिफायरही अर्थला, आणि दोघांमध्ये सिग्नल केबलची जाळी, असं एक वेटोळं तयार झालेलं होतं. त्याचा उपाय असा: चॅसी थेट अर्थला, कायम; सिग्नलची ग्राउंड मात्र चॅसीला १० ओहममधून, आणि त्या रेझिस्टरला समांतर दोन उलटसुलट जाड डायोड. नेहमीच्या मिलिव्होल्टमध्ये १० ओहम वेटोळ्यातला प्रवाह रोखतो. बिघाड झालाच तर डायोड उघडतात आणि प्रवाह अर्थला जातो. टर्नटेबलची वेगळी बारीक ग्राउंड वायर चॅसीवरच्या स्क्रूला. एवढ्याने अर्थ तसाच ठेवून सरांना मिळाला होता तितकाच फायदा मिळाला. उरलेली गुणगुण अजून मोठीच होती.

## दुसरा निर्णय: आधी ओळख, मग उपाय

सर दुसऱ्याच दिवशी एचटी रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) बांधायला तयार होते. मॉस्फेटचा आराखडाही काढून ठेवला होता. मी म्हटलं, "सर, अजून आपल्याला गुणगुण कुठली आहे तेच माहीत नाही." त्यांनी खडू हातात असल्यासारखं बोट वर केलं आणि म्हणाले, "बरं. मग एका वेळी एकच चल बदलायचं." पुढचे दोन दिवस आम्ही नेमकं तेच केलं.

इनपुट शॉर्ट: फरक नाही. म्हणजे कार्ट्रिज आणि केबल सुटले. मग सप्लाय बंद करून, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून, दुसऱ्या टप्प्याचा ग्रिड (व्हॉल्व्हचं इनपुट टोक) क्लिपने ग्राउंडला जोडला आणि पुन्हा चालू केलं. गुणगुण एकदम खाली. म्हणजे घाण पहिल्या टप्प्यात शिरते आहे. ती शिरण्याचे रस्ते तीनच: एचटी, हीटर, किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र.

एचटीचं गणित कागदावरच करता येतं, आणि ते आधी न केल्याचं सरांना फार लागलं. तीन व्हॉल्व्ह मिळून सुमारे ७ मिलिअँपिअर घेतात. पहिल्या ४७ मायक्रोफॅरडवर १०० हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेली लाट) सुमारे दीड व्होल्ट, शिखर ते शिखर. पुढच्या ४.७ किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडने तो १४० पट कमी होतो: ११ मिलिव्होल्ट. त्यातला ४० टक्के पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर उतरतो, कारण व्हॉल्व्हचा स्वतःचा ६५ किलोओहम आणि प्लेटचा १०० किलोओहम मिळून व्होल्टेज वाटून घेतात. ६० च्या गेनने भागलं की इनपुटवर ७० मायक्रोव्होल्ट आल्यासारखं झालं. तिथून आरआयएएची साडेचार पट. आउटपुटला हिशेबाने ५० मिलिव्होल्ट शिखर ते शिखर येतात, म्हणजे आरएमएस सुमारे १८, आणि मल्टिमीटरवर दिसत होते ते १८ हेच. स्कोपवर (लाटेचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप) पहिल्या टप्प्याच्या सप्लायला ११ मिलिव्होल्टची लाट होती. सरांनी वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

हीटरसाठी एक जुनी आणि फार उपयोगी चाचणी आहे. हीटरच्या वाटेत स्विच टाकायचा, व्हॉल्व्ह तापलेला असताना तो बंद करायचा. कॅथोड काही सेकंद गरम राहतो, व्हॉल्व्ह चालूच राहतो, पण हीटरचं एसी गेलेलं असतं. गुणगुणीतला जो भाग त्या क्षणी नाहीसा होतो तो हीटरचा. इथे ५० हर्ट्झचा साधारण अर्धा भाग गेला. उरलेला अर्धा ट्रान्सफॉर्मरचा असणार. सप्लाय बंद करून वायरी लांबवल्या, ट्रान्सफॉर्मर हातभर दूर ठेवून परत चालू केलं. तो भागही जवळजवळ गेला.

तर गुणगुण एक नव्हती, तीन होत्या. १०० ची मोठी, तिच्याखाली ५० च्या दोन. यातली एकच आपण काढली असती तर बाकीच्या दोन ऐकून 'रेग्युलेटरने काहीच झालं नाही' असं म्हणून बसलो असतो. माझ्या पाहण्यात घरगुती बांधणीतले बहुतेक लोक इथेच थकतात.

## कोणते मार्ग होते

एचटीसाठी तीन मार्ग होते. मॉस्फेट रेग्युलेटर: रिपल उत्तम मारतो, पण तीनशे व्होल्टवर जरा चूक झाली की मॉस्फेट जातो, आणि त्यापुढचं काय काय जाईल सांगता येत नाही. चोक (लोखंडी गाभ्यावरची कॉइल): चांगला, पण आणखी एक लोखंडी वस्तू, स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन येणारी. आणि तिसरा, साधे आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) टप्पे वाढवणं. प्रीअँपचे व्हॉल्व्ह क्लास एमध्ये चालतात, प्रवाह जवळजवळ स्थिर असतो. त्यामुळे रेझिस्टरवर पडणारं व्होल्टेज हलत नाही, आणि रेग्युलेटरचा मुख्य फायदा इथे लागतच नाही. मी आरसीच्या बाजूने होतो. सरांना रेग्युलेटरची ओढ होती, पण गणित पाहून त्यांनी स्वतःच तो आराखडा बाजूला ठेवला.

हीटरसाठी एसी ठेवून मधल्या टॅपचं पॉटेन्शिओमीटर लावता आलं असतं. ते बऱ्यापैकी चालतं, पण ४४ डेसिबल गेनच्या फोनोत मी डीसीच सुचवतो. ट्रान्सफॉर्मरसाठी एक तर टोरॉइड (कडीच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) घेऊन त्याच डब्यात शिल्ड करायचा, नाही तर सप्लायचा वेगळा डबा करून मध्ये मीटरभर केबल टाकायची. अंतर हे सगळ्यात खात्रीचं शिल्ड आहे, म्हणून दोन डबे ठरले.

## काय केलं

एचटी: दुसऱ्या कपॅसिटरवर सुमारे २७७ व्होल्ट येत होते. तिथून कॅथोड फॉलोअर. पुढे १० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड. तिथे सुमारे २३७ व्होल्ट, दुसऱ्या टप्प्यांसाठी. तिथून प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र २२ किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरड. २१५ व्होल्ट, पहिल्या टप्प्यासाठी. नव्या दोन्ही टप्प्यांनी रिपल प्रत्येकी सुमारे ३०० पट कमी होतो. ११ मिलिव्होल्टचं उरतं एका मायक्रोव्होल्टच्या आतलं काहीतरी. चॅनेल वेगळे केल्याचा आणखी एक फायदा: सगळे टप्पे एकाच लाइनवर असले की खालच्या फ्रिक्वेन्सीला सप्लायमधून फीडबॅक होऊन स्पीकर फटफट करायला लागतो, ती भीती गेली.

रेक्टिफायरजवळचा पहिला कपॅसिटर थोड्याथोड्या वेळाने प्रवाहाचे मोठे, टोकदार झटके घेतो. मूळ बांधणीत त्याचं निगेटिव्ह चॅसीच्या एका कोपऱ्यात आणि इनपुट जॅकची ग्राउंड दुसऱ्या कोपऱ्यात होती. म्हणजे ते झटके चॅसीच्या पत्र्यातून इनपुटच्या ग्राउंडखालून जात होते. बारीक करकर होती ती ही. आता पहिल्या कपॅसिटरचं निगेटिव्ह थेट ब्रिजला, आणि सिग्नलची ग्राउंड दुसऱ्या कपॅसिटरनंतर, एकाच बिंदूतून.

हीटरची बाजू जरा विचार करायला लावणारी होती. कॅथोड फॉलोअर दुसऱ्या टप्प्याच्या प्लेटला थेट जोडलेला, त्यामुळे त्याचा कॅथोड १४० व्होल्टवर बसतो. ईसीसी८३ ला हीटर आणि कॅथोडमध्ये १८० व्होल्टची मर्यादा आहे. चालतं, पण उगाच काठाजवळ. म्हणून २७७ व्होल्टवरून २२० किलोओहम आणि ६८ किलोओहमचा विभाजक टाकून हीटरचा संपूर्ण सप्लाय ६५ व्होल्टवर उचलला. आता पहिल्या टप्प्यांचे कॅथोड हीटरच्या ६५ खाली आणि फॉलोअरचे ७५ वर. दोन्हीकडे मोकळी जागा. यात एक धोका लक्षात ठेवायचा: हीटरला आता १२.६ व्होल्ट डीसी देणारा रेग्युलेटर एलएम३१७ आहे, त्याचा धातूचा कान आउटपुटला जोडलेला असतो, आणि तो आता चॅसीच्या वर ६५ अधिक १२.६ व्होल्टवर आहे. हीटसिंकला मायका आणि प्लॅस्टिकचा वॉशर लावल्याशिवाय तो बसवायचाच नाही.

फॉलोअरचा दुसरा प्रश्न चालू करतानाचा. सिलिकॉन डायोड असल्याने एचटी लगेच येते, व्हॉल्व्ह मात्र थंड असतात. दुसऱ्या टप्प्यात प्रवाह नसतो, त्यामुळे फॉलोअरच्या ग्रिडवर पूर्ण एचटी आणि कॅथोड शून्यावर. हे काही सेकंद रोज घडलं तर व्हॉल्व्हचं आयुष्य खातं. ग्रिड ते कॅथोड एक डायोड टाकला. नेहमीच्या कामात तो बंद असतो, चालू करताना कॅथोडला वर ओढून घेतो.

कपॅसिटर रिकामे करायला पहिल्या कपॅसिटरवर १५० किलोओहम, २ वॅट. व्हॉल्व्ह थंड असले तरी साधारण अर्ध्या मिनिटात ५० व्होल्टच्या खाली येतं. इथे पाव वॅटचा रेझिस्टर वॅटच्याच नाही, व्होल्टेजच्या हिशेबानेही कमी पडतो, हे पुष्कळदा विसरलं जातं. आणि दोन डब्यांमधली केबल जिथे सप्लायला लागते तिथे सप्लायच्या डब्यावर भोकांचा कनेक्टर, पिनांचा नाही. चुकून सुटला तरी उघड्या पिनेवर एचटी नको.

## मध्येच परत आलेली करकर

चार दिवस सगळं शांत होतं. पाचव्या दिवशी सरांचा फोन: "अरे, रात्री आठनंतर परत करकर येतेय. सकाळी नसते."

ही चूक माझी होती. डीसी हीटरसाठी सरांकडे १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर होता आणि मी तो चालेल म्हटलं होतं. हिशेब असा: १२ व्होल्ट एसीचं शिखर १७, ब्रिजमध्ये दीडेक व्होल्ट जातो, उरले १५.५. तीन व्हॉल्व्हचे ४५० मिलिअँपिअर आणि ४७०० मायक्रोफॅरड, म्हणजे सुमारे १ व्होल्ट रिपल, तळ १४.५ ला. आउटपुट १२.६. एलएम३१७ ला पावणेदोन-दोन व्होल्टचं अंतर लागतं. दिवसा आम्ही बरोबर काठावर होतो. रात्री मेन्स सात टक्के खाली यायची, तळ १३ च्या आसपास जायचा, आणि रेग्युलेटर प्रत्येक लाटेच्या तळाला हात सोडायचा. सरांच्या टेबलाशी बसून रात्री साडेआठला आम्ही ते स्कोपवर पाहिलं: १२.६ ची सरळ रेघ आणि तिला दर १० मिलिसेकंदांनी एक खड्डा.

१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला. रेग्युलेटरवर आता ३ वॅट उष्णता होते, हीटसिंक थोडा मोठा केला. करकर गेली ती गेली.

## खर्ज जड का वाटतो?

गुणगुण गेल्यावर दुसरी गोष्ट कानाला लागायला लागली: खालचे सूर थोडे फुगलेले. सरांना आधी ती व्हॉल्व्हची 'ऊब' वाटली. मला शंका होती. उलट आरआयएए जाळी बांधून इनपुटला लावली आणि मोजलं. २० ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात जवळपास १ डेसिबल जास्त, दोन्ही चॅनेलला सारखंच. दोन्हीकडे सारखी चूक म्हणजे सुटा भाग खराब नाही, हिशेबच चुकलाय.

जाळीचे नियम ठरलेले आहेत. मालिकेतला रेझिस्टर गुणिले मोठा कपॅसिटर २१८७ मायक्रोसेकंद, गुणिले छोटा कपॅसिटर ७५०, आणि आडवा रेझिस्टर गुणिले मोठा कपॅसिटर ३१८. सरांनी मालिकेत २२० किलोओहम धरला, पुढच्या ग्रिडचा १ मेगओहम समांतर घेतला, परिणामी १८० किलोओहम, त्यावरून १२.१ आणि ४.१६ नॅनोफॅरड आणि २६.२ किलोओहम. सगळं बरोबर, फक्त पहिल्या व्हॉल्व्हचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स राहिला. ६५ आणि १०० किलोओहम समांतर, म्हणजे ४० किलोओहम. जाळीला २२० नाही, २६० दिसत होते. २२० किलोओहमच्या जागी १८० किलोओहम टाकला, प्रत्येक चॅनेलला एकच रेझिस्टर, दोन डाग. पुन्हा मोजलं तर ३० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ पाव डेसिबलच्या आत.

## निष्पत्ती

इनपुट शॉर्ट करून आउटपुटला आता ०.३ मिलिव्होल्टच्या खाली. सिग्नलखाली ६८ डेसिबलच्या पुढे, आणि जे उरलंय ते मुख्यतः व्हॉल्व्हची सळसळ आहे, गुणगुण नाही. कोरी रेकॉर्ड वाजवली तरी खोबणीचाच आवाज याच्यापेक्षा मोठा येतो. एक व्हॉल्व्ह पेन्सिलने टिचकी मारली की घंटेसारखा वाजायचा; तो पहिल्या टप्प्यातून काढून फॉलोअरच्या जागी बसवला, तिथे गेन नसल्याने चालून जातो.

## वेगळं काय करता आलं असतं

सप्लाय आधी बांधायला हवा होता. व्हॉल्व्हऐवजी ४० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावला की तितकाच, ७ मिलिअँपिअरचा भार मिळतो. त्यावर रिपल मोजून मगच पुढे गेलं असतं तर दीड महिना वाचला असता. रिपलचं गणित पाच ओळींचं आहे, आणि ते करताना शेवटी आरआयएएची साडेचार पट धरायची.

हीटरचा ट्रान्सफॉर्मर निवडताना मेन्स दहा टक्के खाली धरून हिशेब करायला हवा होता. हातात आहे ते वापरण्याचा मोह मला झाला.

दोन डब्यांचा निर्णय आधी झाला असता तर चॅसीला पाडलेली ट्रान्सफॉर्मरची भोकं तशीच उघडी राहिली नसती. सरांनी त्यांवर पितळी पट्टी बसवली आहे. आणि इनपुटची केबल: पहिल्या टप्प्याच्या ६० च्या गेनमुळे मिलर परिणामाने (ग्रिड आणि प्लेटमधली कपॅसिटन्स गेनच्या पटीत मोठी दिसते) इनपुटला १०० पिकोफॅरड आपोआप येतात. बऱ्याच मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना एकूण १०० ते २०० पिकोफॅरडच हवे असतात. टोनआर्मपासूनची वायर धरून सरांचे अडीचशे होत होते. केबल मीटरभरावरून अर्ध्या मीटरवर आणली. हे आराखड्यातच असायला हवं होतं.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. वाकलेली रेकॉर्ड लावली की वूफरचा पडदा डोळ्यांना दिसेल इतका आतबाहेर होतो. ३३⅓ फेऱ्यांना एक वाक सेकंदाला अर्ध्याहून थोडा जास्त वेळा येतो, आणि त्याच्या पटीतले धक्के आठ-दहा हर्ट्झपर्यंत पोचतात. १९७६ च्या आयईसी (आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रोटेक्निकल आयोग) दुरुस्तीत यासाठी २० हर्ट्झची चौथी कड सुचवली होती, ७९५० मायक्रोसेकंद. एक कपॅसिटर छोटा केला की झालं. सर म्हणतात तो वक्र खालच्या सुरांना हात लावतो. मी म्हणतो पडद्याची ती धावपळ मधले सूर गढूळ करते. तूर्त मागच्या बाजूला एक स्विच लावलाय, आणि कुठली रेकॉर्ड कुठल्या स्थितीत वाजवली ते सर वहीत लिहून ठेवतायत.